अर्धी राहिलेली हाक

१

रोज सकाळी साडेसातला मी गावातल्या अकरा कुंडांचं तापमान घेते. दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, आकडा वहीत लिहायचा. सत्तावीस वर्षं हे चाललंय. शहरात जमिनीखालच्या हालचाली मोजणारे लोक आहेत, महिन्यातून एकदा ते वही बघतात आणि माना डोलावतात. दहा वाजता पाहुण्यांची बस येते. मग मी तापमापक खुंटीला लावते, केस नीट करते आणि गाईड होते.

'ते कोरोहू' हे आमचं माओरी गाव रोटोरुआ शहरापासून अर्ध्या तासावर. बावीस घरं, एक सभाघर, एक लहानसं चर्च, आणि घराघरांमधून उठणारी वाफ. स्वयंपाक जमीनच करते. लाकडी पेटीत भांडी ठेवायची, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि गप्पा मारायला जायचं. गावात शिरायला ओढ्यावरचा एक लाकडी पूल. मागून एक वाट होती, ती एप्रिलमध्ये खचली.

पुलाला लागून बडबडी आहे. बडबडी हे कुंडाचं नाव. बैलगाडीच्या चाकाएवढं तोंड, आणि त्यातून अखंड बुडबुड बुडबुड. कोणी कधी तिला गप्प पाहिलेलं नाही. जास्त बोलणाऱ्या बाईला आमच्याकडे विचारतात, "बडबडीच्या काठी जन्मलीस का गं?" मला हे पाचव्या वर्षापासून ऐकावं लागलंय.

जूनमधल्या त्या मंगळवारी, ऐन थंडीत, बडबडी पंच्याण्णव अंशांवर होती आणि नेहमीसारखी बोलत होती. हे मी मुद्दाम सांगते. वहीत तसं लिहिलेलं आहे.

२

पाहुण्याने गावात आपणहून पाऊल टाकायचं नसतं. तो पुलापलीकडे थांबतो. सभाघराच्या ओट्यावरून घरची बाई हाक घालते. ही हाक म्हणजे अर्धं गाणं, अर्धं रडणं. ती आलेल्यांना या म्हणते, आणि त्यांच्याबरोबर त्यांची जी गेलेली माणसं असतील, त्यांनाही या म्हणते. पाहुण्यांतली एखादी बाई तशीच हाक घालून उत्तर देते. मग घरची बाई शेवटची हाक घालते, आणि त्या हाकेवर सगळे आत येतात. अशा तीन हाका. मधे तोडायच्या नाहीत.

ओट्यावर उभी राहायची ती माझी रिपेकामावशी. वय एक्क्याऐंशी, काळा झगा, हातात काठी, हनुवटीवर गोंदण. ती असताना त्या जागेवर दुसरं कोणी उभं राहत नाही. बसने येणाऱ्या पाहुण्यांत उत्तर देणारी बाई कुठून असणार? म्हणून माझी भाची अरिता त्यांच्या घोळक्यात उभी राहून उत्तर देते. त्या दिवशी पावणेदहाला तिचा फोन आला.

"आत्या, गाडी सुरूच होत नाहीये."

"बॅटरी बदल म्हणून मागच्या आठवड्यात कोण ओरडत होतं?"

"तूच ओरडत होतीस. आज उत्तर तू दे ना. प्लीज."

"माझा आवाज ऐकून बस परत जाईल."

"जाऊ दे. म्हणजे मला यायलाच नको."

बसमधून बावीस जण उतरले. मी त्यांना पुलाच्या तोंडाशी उभं केलं, टोप्या काढायला लावल्या, हसू नका म्हणून सांगितलं. थंडीमुळे वाफ दाट होती, ओट्यावरची मावशी मधूनच दिसत होती, मधूनच पुसली जात होती. तिने हाक घातली.

हाक संपली. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि उत्तर माझ्या मागून आलं.

बाईचा आवाज, मुरलेला, कसलीही घाई नसलेला. "ऐकली तुझी हाक, बाई. येतो आहोत, आमची माणसं घेऊन येतो आहोत. थोडी थांब. मागचे अजून वाटेत आहेत."

मी वळले. मागे रस्ता होता, बस होती, बसचा ड्रायव्हर सँडविच खात होता.

पुन्हा ओट्याकडे पाहिलं तेव्हा मावशीने काठी दोन्ही हातांनी धरली होती. शेवटची हाक आली नाही. ती उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, आणि मग पाठ फिरवून सभाघरात निघून गेली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

पाहुण्यांना यातलं काय कळणार! मी हाताने खूण केली, "चला." सगळे पुलावरून आत आले. पूल ओलांडताना मला राहून राहून वाटत होतं की काहीतरी चुकतंय, काहीतरी विसरतेय. ओलांडून झाल्यावर लक्षात आलं.

बडबडी गप्प होती.

३

"किती सुंदर उत्तर दिलंत तुम्ही," एक बाई म्हणाली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, गळ्यात लोकरीचा मफलर. नाव इसोबेल. डनिडनच्या शाळेत चाळीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेली.

"मी नाही दिलं," मी म्हणाले.

ती हसली. तिला तो माझा विनय वाटला असणार.

चिखलाच्या डबक्यापाशी मी उरलेल्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्यापैकी कोणाला आमची भाषा येते का? कोणालाच येत नव्हती. एका जोडप्याने एकमेकांकडे बघितलं, बहुतेक त्यांना परीक्षा वाटली. उत्तर कोणी दिलं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. गाईडने.

मी त्यांना पिवळं कुंड दाखवलं, उसळणारा झरा दाखवला, कणसं उकडायची जागा दाखवली. तोंड चालू होतं, ते चालतंच. डोक्यात मात्र एकच विचार. कोणीतरी बसमागे लपून चेष्टा केली असेल? पण असा आवाज, अशी चेष्टा, आणि तीही या गावात? अरिताच असेल, गाडीचं खोटं सांगून? अरिताचा आवाज मी चांगला ओळखते. तो बासरीसारखा आहे. हा आवाज पिंपाच्या तळातून आल्यासारखा होता, आणि ओळखीचा होता. कुठे ऐकलाय, तेवढं आठवत नव्हतं.

पाहुणे फोटो काढत होते तेव्हा मी पळत पुलापाशी गेले आणि तापमापक सोडला. गप्प पाणी म्हणजे थंड होत चाललेलं पाणी, असं मला वाटलं होतं. कधीकधी कुंड निवतं.

अठ्ठ्याण्णव. पाणी आरशासारखं. त्यात माझा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि बडबडीत स्वतःचा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

४

जेवण माझा चुलतभाऊ पाओराकडे. वाफेच्या पेट्यांवरचं गोणपाट त्याने उचललं की पाहुणे हमखास "आहा" म्हणतात, आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा खूश होतो. कोंबडी, भोपळा, रताळी, मका.

"मावशी जेवायला नाही आली," तो माझ्या कानाशी म्हणाला. "दार लावून बसलीय. काय केलंस तू?"

"मी काय केलं?"

"हे बघ, तुझ्याशिवाय तिला रागावायला दुसरं आहे कोण इथे?"

इसोबेल ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. हातात फोन. "तुम्हाला चालेल ना? मी सकाळचं ध्वनिमुद्रण केलंय. फक्त आवाज, चित्र नाही. विचारायला हवं होतं आधी."

एरवी मी तिला रागावले असते. त्या दिवशी म्हणाले, "लावा."

मावशीची हाक आली. मग तेवढीच शांतता. मग उत्तर. म्हणजे मला भास झाला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी रताळ्याचा मोठा घास घेतला.

"आता एक गंमत ऐका," इसोबेल म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "चाळीस वर्षं पोरांचे आवाज ऐकलेत मी. डोळे मिटून सांगायचे कोण गातोय. पहिली हाक घालताना आजींचा आवाज वर जातो आणि जिथून परत फिरतो, तिथे किंचित फाटतो. इथे. ऐकलंत? आता उत्तर ऐका. त्याच सुरावर, तसाच फाटतो. हा एकच गळा आहे."

तिने दोनदा लावलं. तिसऱ्यांदा मीच लावलं.

आवाज कुठे ऐकलाय ते मला आठवलं होतं. रोज ऐकत होते.

"प्रतिध्वनी असणार," इसोबेल म्हणाली. "पण मग शब्द वेगळे कसे? तसेच आहेत का शब्द? मला कळत नाहीत म्हणून विचारते."

"तसेच आहेत," मी खोटं सांगितलं. ताट बाजूला सारलं.

५

पाओराला घेऊन मी पुलावर गेले. "ओरड," म्हटलं.

"काय ओरडू?"

"काहीही."

त्याने आपल्या बायकोच्या नावाने शंख केला. आम्ही ऐकत राहिलो. काही परत आलं नाही. समोर उघडं माळरान आणि वाफ, आवाज आपटणार कशावर! मी ओट्याच्या दिशेने ओरडले, रस्त्याच्या दिशेने ओरडले, टाळ्या वाजवल्या. पाओरा माझ्याकडे डॉक्टरला बोलवावं का अशा नजरेने बघत होता.

मग त्याचं लक्ष कुंडाकडे गेलं आणि त्याचा चेहरा बदलला. "हुहाना, पाणी वर आलंय."

वीतभर वर आलं होतं. मी तापमापक सोडला. एकशे एक. आमच्या उंचीवर पाणी नव्याण्णवलाच उकळायला लागतं. हे एकशे एकवर पोचलं होतं आणि त्यात एक बुडबुडा नव्हता.

"हे पाणी उकळायचं विसरलंय," पाओरा हळूच म्हणाला.

अशा पाण्याला आठवण झाली की काय होतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. माझ्या लहानपणी वरच्या अंगाचं एक कुंड असंच अर्धा दिवस शांत होतं. संध्याकाळी त्याचे दगड चर्चच्या छपरावर सापडले.

मी शहरातल्या मोजणीवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने आकडे पुन्हा सांगायला लावले. "कोणालाही जवळ जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "आम्ही निघतोय. यंत्रं गोळा करून पोचायला दोन तास लागतील."

दीड वाजला होता. बस तीनला सुटणार होती. गावात बावीस पाहुणे, आणि बाहेर जायला तो एकच पूल. मी पुलाच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधली.

पाओरा हात झटकत म्हणाला, "ते शास्त्र राहू दे घटकाभर. सकाळी मावशीने शेवटची हाक घातली नाही, हे खरं का?"

"खरं."

"मग ते दारातच आहेत."

"कोण ते?"

"मला काय विचारतेस? उत्तर मी थोडंच ऐकलंय!"

६

घरी मावशी खाटेवर बसली होती, अंगावर सकाळचाच काळा झगा. खिडकीतून पूल दिसतो. तिची नजर तिकडे होती.

"मावशी, जेवली नाहीस."

तिने गळ्याकडे बोट दाखवलं. घसा बसला होता. सकाळी ओट्यावरून अर्धा मैल जाणारा आवाज आता खाटेच्या कडेपर्यंत पोचत नव्हता. मला वाकून कान जवळ न्यावा लागला.

"किती वाजले?"

"दोन."

"सगळे पोचले असतील आता."

मी तिच्या पायाशी बसले. माझ्या सगळ्या प्रश्नांची मी मनात रांग लावून आणली होती, प्रतिध्वनी, आकडे, आणि डॉक्टर कधी येऊन गेला. विचारलं मात्र भलतंच. "तुला ओळखू आला तो आवाज?"

"स्वतःचा आवाज कोणाला ओळखू येतो गं लगेच? मला वाटलं, कोण ही बया इतकी छान गातेय." ती हसली, हसताना खोकली. "दुसऱ्या ओळीला कळलं."

"म्हणून थांबलीस?"

"घाबरले. एवढी म्हातारी झाले तरी घाबरले बघ. लाज वाटते." तिने माझा हात हातात घेतला. तिचे हात नेहमी गार असत, त्या दिवशीही होते. "चूक झाली. पाहुणे दारात ठेवलेत मी, सकाळपासून. अशी तिष्ठत उभी राहिली माणसं, म्हणजे जमीन तरी काय करणार! ती शेवटची हाक घालायला हवी."

"आराम कर. घसा बरा झाला की उद्या—"

"मला नाही घालता येणार. आजही नाही, उद्याही नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "स्वतःला कोणी या म्हणतं का?"

बाहेर पाहुणे हसत होते. पाओरा त्यांना कणीस उकळत्या पाण्यात कसं सोडायचं ते दाखवत असणार.

"मी नाही घालणार," मी म्हणाले. "मावशी, मला हे सांगू नकोस. अजिबात नाही."

"बरं."

"मोजणीवाले येतायत. ते बघतील काय ते."

"बघू दे."

"तू असताना त्या जागेवर मी कशी उभी राहू?"

"मी बसेन ना मागे खुर्चीवर." ती अगदी सहज म्हणाली, लग्नाला कोण कुठे बसणार ते ठरवावं तशी. मग आवाज आणखी खाली गेला. "हुहाना, आपण गरीब असू, भांडखोर असू, काय वाटेल ते असू. पण आलेल्याला दारात उभं ठेवणारी माणसं नाही आपण. मग तो कोणी का असेना."

मी रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. अडीच वाजता खिडकीतून पाओराची हाक आली, "ताई, पाणी पुलाच्या फळ्यांना लागलं!"

७

पाहुण्यांना मी सभाघराच्या पडवीत, पुलापासून सगळ्यात लांबच्या टोकाला उभं केलं. मावशीला पाओराने उचलूनच आणलं आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं, काठी तिच्या मांडीवर आडवी ठेवली. मी तिच्या पुढे उभी राहिले. ऊन लख्ख होतं. इतक्या उजेडात मला स्वतःचाच मूर्खपणा वाटत होता. रिकाम्या पुलाला ओरडणारी चोपन्न वर्षांची बाई.

मी मागे वळून पाहिलं. मावशीने डोळे मिटले होते.

मी हाक घातली.

माझा आवाज फाटका आहे, तो फाटकाच लागला. पण शब्द आपोआप येत गेले. या, उंबऱ्यावरच्या माणसांनो. या, दूरवरून आलेल्यांनो. आपली माणसं घेऊन या. मग नाव घ्यायची वेळ आली. गेलेलं माणूस आत येत असेल, तर शेवटच्या हाकेत त्याचं नाव घेतात. मी थांबले. थांबले तर पुन्हा अर्धीच राहणार होती.

"ये, रिपेका," मी म्हणाले. "ये, आत ये."

वारा पडला. ओढ्यावरची वाफ सरळ वर गेली आणि मधे एक फट झाली, दार किलकिलं व्हावं तेवढी.

मी जे पाहिलं ते इतकंच. पुलाच्या फळ्या एकामागून एक दबत होत्या, आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि दबलेली फळी वर येत नव्हती, कारण तिच्यावर मागचं पाऊल पडत होतं. पावलं मला दिसली नाहीत. वाफेत डोकी दिसली, पुष्कळ, आणि प्रत्येकावर हिरव्या पानांची कडी. मयताच्या वेळी आम्ही तशी घालतो. सगळ्यांच्या पुढे एक काळा झगा होता. त्याच्याबरोबर एक काठी पुढे येत होती, टेकत, थांबत, टेकत. ती काठी टेकण्याची लय मी हजार माणसांत ओळखली असती.

चेहरा पाहिला नाही. मी डोळे मिटून घेतले.

माझ्या दोन्ही बाजूंनी काहीतरी गेलं. ऊबदार हवा म्हणा. चुरगळलेल्या ओल्या पानांचा वास आला. सभाघराचं दार माझ्यामागे उघडंच होतं, त्याचा आवाज होण्याचं कारण नव्हतं, आणि झालाही नाही.

मग बडबडी बोलायला लागली.

आधी एक मोठा उचंबळा, पुलाला भिजवून गेला. मग नेहमीचं बुडबुड बुडबुड. लांबून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना तो निरोपाचा कार्यक्रम वाटला होता.

मी वळले. मावशी खुर्चीतच होती. काठी मांडीवर आडवी, जशी ठेवली होती तशी. डोळे उघडे, जिवंत, कुतूहलाने भरलेले.

"पुढे कोण होतं?" तिने विचारलं. आवाज परत आला होता.

"वाफ फार होती, मावशी. दिसलं नाही."

"खोटं बोलताना बरा लागतो तुझा आवाज," ती म्हणाली. "चल, मला भूक लागलीय."

८

मोजणीवाले साडेतीनला आले. पाणी उतरलेलं, पंच्याण्णव अंश. त्यांनी माझी वही बघितली, माझ्याकडे बघितलं. एकशे एकच्या आकड्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं. त्यांनी एक कारण सांगितलं, हवेचा दाब आणि खालच्या भेगा. कारण चांगलं होतं. मी अजूनही पाहुण्यांना तेच सांगते.

मावशी ठणठणीत होती. डॉक्टरने तपासून तिच्यासमोरच म्हटलं, "ह्या आपल्या सगळ्यांना पोचवून जाणार." ओट्यावर मात्र ती पुन्हा उभी राहिली नाही. ते काम माझ्याकडे आलं.

बाकी बदल म्हणावा तर अगदी लहान. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ती बाहेर उभी. चप्पल काढून, हात जुळवून.

"अगं, उभी काय? ये ना."

"येते," म्हणाली, आणि तेव्हाच आत आली. घर तिचं होतं. तिच्या नवऱ्याने बांधलेलं, मी तिच्याकडे राहायला आलेली.

मग ते रोजचंच झालं. कुठल्याही दारात थांबायची, या म्हटल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. जेवायला बसली की पाओराला म्हणायची, "फार छान झालंय हो, तुम्हाला उगाच त्रास." पाओराला! ज्याचं नाक तिने लहानपणी आपल्या झग्याने पुसलं होतं. तो आधी हसायचा. पुढे पुढे गप्प जेवायचा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची, निघायची वेळ झाली असावी तशी. अरिता म्हणाली, "आजीला विसरायला होतंय." मीही तेच धरून चालले. वय एक्क्याऐंशी, काय आश्चर्य?

फक्त एकदा, ऑगस्टमध्ये, आम्ही दोघी उन्हात बसलो होतो. मी तिला विचारलं, "मावशी, तुला इथे परकं वाटतं का?"

तिने खूप विचार केला. "नाही गं," म्हणाली. "तुम्ही सगळे फार चांगले वागवता."

९

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती शहरातल्या इस्पितळात वारली, झोपेत, दुपारी. दुसऱ्या दिवशी तिला गावी आणलं. पुलापलीकडे गाड्या थांबल्या. सहा जणांनी शवपेटी उचलली, पुढे अरिता, डोक्यावर पानांचं कडं. मी ओट्यावर उभी राहिले आणि तिला आत घेतलं. हाक न तुटता गेली. अरिताने उत्तर दिलं, रडत रडत, पण सूर सोडला नाही. गाव ढसाढसा रडलं. मी रडले नाही, आणि लोकांनी ते खंबीरपणावर ढकललं.

पेटी ओट्यावर ठेवल्यावर पाओराने खांदा चोळला. "किती हलकी गं," म्हणाला. म्हाताऱ्या माणसांचं वजन राहत नाही, असं कोणीतरी म्हणालं.

दुपारी लोक जेवायला गेले. पेटीपाशी मी आणि अरिता, दोघीच. रिवाजाप्रमाणे झाकण उघडं होतं. मावशीचा चेहरा शांत होता, गोंदण अगदी ठळक.

"आत्या," अरिता हळूच म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"हाकेत तू आजीचं नाव नाही घेतलंस."

मी पेटीच्या कडेवरची पानं सारखी केली.

"विसरलीस?"

"नाही."

"मग?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण ही पोरगी एक दिवस माझ्या जागेवर उभी राहणार होती.

"नाव एकदाच घ्यायचं असतं," मी म्हणाले. "तिचं मी जूनमध्ये घेतलं."

अरिताने पेटीतल्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि नकळत आपली खुर्ची माझ्या बाजूला सरकवून घेतली.